थरथर थांबली, पाऊल अडले: मेंदूच्या खोल उद्दीपनानंतर बिघडलेल्या चालण्याचे एक प्रकरण

शस्त्रक्रियेला नऊ महिने झाल्यावर बाई तपासणीच्या खोलीच्या दाराशी आल्या आणि तिथेच थांबल्या. ज्या उजव्या हाताच्या थरथरीपायी त्यांनी एवढी मोठी शस्त्रक्रिया पत्करली होती, तो हात मुलीच्या दंडावर अगदी शांत टेकलेला होता. पाय मात्र उंबरठ्याशी चिकटून बसले होते. टाचा किंचित उचललेल्या, गुडघे थोडे वाकलेले, अंग पुढे झुकलेले आणि दोन्ही पावले जागच्या जागी भराभर कापत असलेली. मुलगी म्हणाली, "आई, डावा पाय उचल." बाईंनी पायाकडे पाहिले आणि हलक्या, अडखळत्या आवाजात म्हणाल्या, "अगं, उचलतेच आहे." पाय उचलला गेला नाही. आठ-दहा सेकंदांनी तो एकदम सुटला आणि तोल जाता जाता त्या आत आल्या.

मुलीने वहीत लिहून आणलेला प्रश्न सरळ होता: यंत्र चालू आहे, हात इतका छान झाला आहे, तर मग चालणे का बिघडले?

या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. बाईंचा आजार कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स; आणि यंत्र म्हणजे मेंदूत खोल बसवलेल्या तारांतून सतत विजेचा प्रवाह देणारे उपकरण. हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेले आहे. बाई म्हणजे कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे, आणि त्यांच्या तपासणीतील आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत; मात्र त्यांच्या बाबतीत जे जे घडते ते या उपचारात वारंवार घडणारे आहे, आणि ज्या क्रमाने त्याचा उलगडा केला आहे तो प्रत्यक्ष कामात वापरला जाणारा क्रम आहे. रुग्ण गणिताच्या शिक्षिका आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख बाई असाच केला आहे.

पूर्वेतिहास

बाईंचे वय ६१. पन्नाशीत असताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी स्वस्थ बसल्यावर थरथरू लागली. त्याआधी वर्षभर फळ्यावरचे अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जात असे, पण त्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. कंपवाताचे निदान झाले आणि लेव्होडोपा सुरू झाले. या आजारात हालचालीला लागणारे डोपामिन हे रसायन मेंदूत घटते, आणि लेव्होडोपापासून मेंदू ते बनवतो. पहिली पाच वर्षे औषधाने उत्तम साथ दिली. सहाव्या वर्षापासून गोळीचा अंमल आखडू लागला. कार्बिडोपा या जोडऔषधासह दिलेल्या लेव्होडोपाचे रक्तातील अर्धे आयुष्य, म्हणजे त्याची पातळी निम्म्यावर येण्याचा काळ, जेमतेम दीड तासाचे असते. आजाराच्या सुरुवातीला मेंदूत उरलेल्या डोपामिन पेशी हे औषध साठवून पुरवून पुरवून वापरतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्या पुरतात. त्या पेशी जसजशा कमी होतात तसतसा मेंदू रक्तातील पातळीच्या चढउतारावर अवलंबून राहतो. दहाव्या वर्षी बाई दिवसातून आठ वेळा मिळून ८०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि जोडीला त्याचा अंमल लांबवणारे एन्टाकॅपोन घेत होत्या. प्रत्येक गोळीनंतर सव्वादोन तासांनी अंग पुन्हा जखडत असे, आणि मधल्या तासाभरात मान व खांदा आपोआप वळवळत असे. दोन्ही टोकांच्या मध्ये जो काळ खऱ्या अर्थाने त्यांचा होता, तो दिवसात चार तासांपेक्षा जास्त नव्हता.

शस्त्रक्रियेपूर्वीची लेव्होडोपा चाचणी चांगली आली. रात्रभर औषध थांबवून सकाळी केलेल्या तपासणीत एमडीएस-यूपीडीआरएस या मोजपट्टीच्या तिसऱ्या, म्हणजे हालचालीच्या भागात १३२ पैकी ५२ गुण होते (गुण जितके जास्त तितका त्रास अधिक), आणि औषधाचा पूर्ण अंमल असताना १९. निम्म्याहून अधिक सुधारणा म्हणजे डीबीएससाठी, म्हणजे मेंदूच्या खोल उद्दीपनासाठी, योग्य रुग्ण, असा निष्कर्ष निघाला आणि तो बरोबरच होता. त्या नोंदीत आणखी एक ओळ होती, जिच्याकडे पुढे परत यावे लागले: औषधाचा अंमल असताना पाय चिकटत नाहीत, अंमल उतरल्यावर वळताना चिकटतात.

यंत्र नेमके काय करते

हालचालीचा आदेश मेंदूच्या बाह्यपटलातून निघतो, पण ती हालचाल सुटू द्यायची की रोखून धरायची याची राखण मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांच्या गटाकडे, म्हणजे बेसल गँग्लियाकडे असते. त्यातील ग्लोबस पॅलिडस या केंद्रकाचा आतला भाग थॅलॅमसवर, म्हणजे बाह्यपटलाकडे संदेश पुढे धाडणाऱ्या केंद्रावर, सतत ब्रेक दाबून बसलेला असतो, आणि त्या ब्रेकवर जोर देणारे छोटे केंद्र म्हणजे सबथॅलॅमिक न्यूक्लियस. डोपामिन घटले की हे केंद्र बेलगाम होते. हागाई बर्गमन, थॉमस विखमान आणि महलॉन डीलाँग यांनी १९९० मध्ये दाखवले की, एमपीटीपी या विषाने कंपवात जडलेल्या माकडांमध्ये हे केंद्र निकामी केले तर त्यांची हालचाल सुधारते. त्याआधी, १९८७ मध्ये, फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अलीम-लुई बेनाबिद यांनी थॅलॅमसमध्ये इलेक्ट्रोड ठेवून सुमारे १०० हर्ट्झच्या वर सतत उद्दीपन दिल्यास कंप थांबतो हे रुग्णांत दाखवून दिले होते. हे दोन धागे १९९३ मध्ये एकत्र आले आणि ग्रेनोबलच्याच गटाने सबथॅलॅमिक न्यूक्लियसचे उद्दीपन सुरू केले.

ब्रेकची ही उपमा समजायला सोपी आहे आणि मीही ती रोज वापरतो. पण तिच्यावर फार भार टाकू नये. ब्रेक सैल झाला की हालचाल सुटते एवढेच खरे असते, तर पॅलिडसचा आतला भाग शस्त्रक्रियेने निकामी केल्यावर अनैच्छिक वळवळ वाढायला हवी होती. प्रत्यक्षात ती कमी होते. म्हणून गेल्या दोन-तीन दशकांत भर पेशी किती वेगाने काम करतात यावरून हटून त्या कोणत्या तालात काम करतात याकडे वळला आहे. निरोगी मेंदूत १३ ते ३० हर्ट्झची, बीटा म्हटली जाणारी लय स्थिती धरून ठेवताना वाढते आणि हालचालीच्या क्षणभर आधी ओसरते. कंपवातात हजारो पेशी या लयीत एकत्र अडकतात आणि ती वेळेवर ओसरत नाही. लेव्होडोपा ती लय दबवते, आणि १३० हर्ट्झचे उद्दीपनही दबवते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. यंत्र बाईंना हालचाल देत नाही. हालचालीच्या आड येणारा एकसुरी गोंगाट ते मोडते. त्या गोंगाटाच्या जागी जी नैसर्गिक, क्षणाक्षणाला बदलणारी चेतावाहतूक हवी, ती यंत्र आणू शकत नाही, आणि गोंगाट मोडण्याच्या भरात तिच्यातला थोडा भाग त्याच्या हातून पुसलाही जातो.

आणखी एक अडचण निव्वळ जागेची आहे. हे केंद्र सुमारे एक सेंटिमीटर लांबीचे, दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगासारखे असते. इलेक्ट्रोडची तार सव्वा मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाशी दीड-दीड मिलिमीटरचे चार संपर्कबिंदू. हालचालीशी संबंधित भाग केंद्राच्या वरच्या, मागच्या आणि बाहेरच्या कोपऱ्यात असतो. भावना आणि प्रेरणांशी संबंधित भाग खाली, पुढे व आतल्या बाजूला. बाहेरच्या अंगाला इंटर्नल कॅप्सूल, म्हणजे स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंचा जाड पट्टा. आतल्या बाजूला डोळ्यांच्या हालचालीचे तंतू. मागे संवेदना वाहून नेणारे. प्रवाह दोन मिलिमीटर इकडे-तिकडे पसरला तर जीभ जड होते, डोळे एका बाजूला ओढले जातात किंवा हातात मुंग्या येतात. इतक्या दाटीच्या जागी काम करताना "जरा वाढवून बघू" हे वाक्य किती जपून वापरायला हवे, ते यावरून कळावे.

पहिले आठ महिने

शस्त्रक्रियेत बाई जाग्या होत्या. डाव्या बाजूच्या चाचणी-उद्दीपनाच्या वेळी मी त्यांचे उजवे मनगट हातात धरून हळूहळू फिरवत होतो. दातेरी चाक फिरवताना लागावे तसे झटके बोटांना जाणवत होते. प्रवाह सुरू झाला आणि वीस-पंचवीस सेकंदांत ते झटके विरघळून मनगट मऊ झाले. हा अनुभव पुष्कळ वेळा घेतला तरी दर वेळी मन भरून येते. बाईंनी स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला आणि काहीच न बोलता बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या.

चार आठवड्यांनी, शस्त्रक्रियेच्या सुजेमुळे आपोआप येणारी तात्पुरती सुधारणा ओसरल्यावर, यंत्राचे पहिले प्रोग्रॅमिंग, म्हणजे प्रवाहाची मांडणी, झाले. प्रत्येक संपर्कबिंदू वेगळा तपासून कोणत्या प्रवाहाला लाभ सुरू होतो आणि कोणत्या प्रवाहाला दुष्परिणाम, हे लिहून काढले. डाव्या तारेवर खालून दुसऱ्या बिंदूला १.८ मिलीअँपिअरवर ताठरपणा गेला आणि ३.८ वर बोलणे जड झाले. मधले अंतर पुरेसे होते, म्हणून २.३ मिलीअँपिअर, ६० मायक्रोसेकंद आणि १३० हर्ट्झ अशी सुरुवात झाली. उजव्या तारेवर २.४. लेव्होडोपा हळूहळू ४०० मिलिग्रॅमपर्यंत उतरवले. मान-खांद्याची वळवळ गेली. तिसऱ्या महिन्यात बाई सकाळी गोळी घेण्याआधीच स्वतः उठून बसू लागल्या होत्या.

हात मात्र पूर्णपणे शांत नव्हता. बसल्या जागी कोणी अवघड प्रश्न विचारला की अंगठा हलायचा. बाईंना ते सहन होईना. अकरा वर्षे ज्या हाताकडे लोकांनी रोखून पाहिले तो हात एकदाचा थांबावा, ही त्यांची इच्छा कोणालाही समजेल अशी आहे. प्रत्येक भेटीत डाव्या बाजूचा प्रवाह थोडा थोडा वाढला: २.६, २.९, ३.२. घरच्या रिमोटवर त्यांना थोडी वर जाण्याची मुभा होती, ती त्यांनी वापरली. सातव्या महिन्यात प्रवाह ३.५ वर होता आणि हात निश्चल होता. त्या दिवशीच्या नोंदीत "उत्कृष्ट प्रतिसाद" असे लिहिले आहे. त्या नोंदीत चालण्याविषयी एक शब्दही नाही. बाई खुर्चीत बसून तपासल्या गेल्या आणि खुर्चीतूनच निरोप घेऊन गेल्या. या संपूर्ण प्रकरणातली सर्वांत मोठी चूक माझ्या मते ही आहे. प्रवाह वाढवण्याची चूक तिच्या मागोमाग आली.

पाय चिकटू लागल्यावर

पुढच्या दोन महिन्यांत दारात, वळणावर आणि अरुंद जागेत पाय अडू लागले. बाई दोनदा पडल्या, आणि दोन्ही वेळा फोनची घंटा वाजताच खुर्चीतून झटकन उठताना पडल्या. आवाज खोल गेला. सर्वांनी, आम्हीही, पहिला तर्क केला तो नेहमीचाच: आजार पुढे सरकला असेल किंवा औषध फार कमी केले गेले असेल. लेव्होडोपा ४०० वरून ६०० केले. तीन आठवड्यांत मानेची वळवळ परतली. पाय तसेच चिकटत राहिले.

हा अपयशी उपायच खरे तर पहिला धागा होता. डोपामिन कमी पडल्यामुळे पाय अडत असते, तर वाढीव गोळीने काहीतरी फरक पडला असता. शस्त्रक्रियेपूर्वी औषधाच्या अंमलात पाय चिकटत नव्हते, आणि आता अंमल असूनही चिकटत होते. म्हणजे हा त्रास जुनाच वाढलेला नव्हता, नवीन होता.

तरीही साध्या गोष्टी आधी पाहाव्या लागतात. दोन्ही तारांचा विद्युतरोध योग्य होता, म्हणजे तार तुटलेली किंवा संपर्क निसटलेला नव्हता. बॅटरी ठीक होती. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर घेतलेल्या रक्तदाबात घसरण नव्हती. मानेच्या मज्जारज्जूवर दाब असल्याची चिन्हे नव्हती. स्मरण आणि लक्ष यांच्या चाचण्या पूर्वीसारख्याच होत्या. एका मिनिटात सुचतील तितके शब्द सांगण्याची चाचणी तेवढी थोडी खालावली होती, आणि तशी ती या शस्त्रक्रियेनंतर अनेकांची खालावते.

मग चार अवस्थांची तपासणी ठरली: औषध आणि उद्दीपन यांच्या चारही जोड्यांत तेच चालणे. ही तपासणी पूर्ण दिवस खाते, आणि म्हणूनच ती टाळली जाते. घाई केली तर ती फसवते, कारण उद्दीपन बंद केल्यावर सर्व लक्षणे एकदम परतत नाहीत. कंप काही मिनिटांत येतो, ताठरपणा आणि मंदपणा अर्ध्या-एक तासात, पण धडाशी निगडित लक्षणे, म्हणजे चालणे, तोल आणि ठेवण, यांचे खरे रूप दिसायला तीन-चार तास लागतात. यंत्र बंद करून दहा मिनिटांत चालवून पाहिले तर उद्दीपनाचा जुनाच परिणाम आपण नवा समजून मोजतो.

सकाळी, रात्रभर औषध थांबवलेले आणि उद्दीपन चालू असताना, खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे याला बाईंना २४ सेकंद लागले; वळताना पाय दोनदा अडले. उद्दीपन बंद करून साडेतीन तास थांबलो. हा काळ कठीण होता. बाई आखडून गेल्या, गिळतानाही त्रास होऊ लागला, आणि मुलगी खुर्ची ओढून त्यांच्या पाठीला हात लावून बसली. दोन्ही गोष्टी बंद असताना वेळ ३४ सेकंद आली. मग लेव्होडोपाचा पूर्ण डोस देऊन, उद्दीपन बंदच ठेवून तपासले. उजवा हात जोरात थरथरत होता. पण बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि परत आल्या. १३ सेकंद. पाय एकदाही अडला नाही. शेवटी उद्दीपन पूर्वीइतकेच सुरू केले. दीड तासाने हात निश्चल झाला होता, आणि वळताना पाय तीनदा अडून वेळ २२ सेकंदांवर गेली होती.

मुलीच्या वहीतल्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांमध्ये होते. औषध तेच, रुग्ण तीच, दिवस तोच. १३ आणि २२ यांच्यातला फरक यंत्राचा होता. हाताला शांत करणारा प्रवाहच पायांना अडवत होता.

असे का झाले

प्रतिमांवरून तार केंद्रातच होती, मात्र वापरात असलेला डावा बिंदू केंद्राच्या खालच्या टोकाजवळ होता. २.३ मिलीअँपिअरला प्रवाहाचे क्षेत्र केंद्रात मावत होते, ३.५ ला ते खाली आणि बाहेर सांडत होते. बोलणे आत जाणे हे बाहेरच्या कॅप्सूलकडे गेलेल्या प्रवाहाचे परिचित लक्षण आहे. खालच्या आणि मागच्या बाजूला चालण्याशी संबंधित मेंदूस्तंभाचे मार्ग जवळ येतात. एवढ्याने बराच उलगडा होतो, पण पूर्ण नाही.

उरलेला भाग दोन पायांच्या हिशोबात आहे. बाईंचा आजार उजवीकडे सुरू झाला, उजवीकडेच जास्त होता, म्हणून डाव्या मेंदूचे उद्दीपन वाढत गेले. परिणामी उजवा पाय, जो कधीकाळी मागे रेंगाळत असे, तो आता लांब पडत होता. जमिनीवर खुणा करून मोजले तेव्हा उजवे पाऊल ५२ सेंटिमीटरचे आणि डावे ३८ सेंटिमीटरचे भरले. सरळ चालताना एवढी तफावत शरीर सांभाळून घेते. वळताना आतला पाय आखूड आणि बाहेरचा लांब अशी नवी वाटणी दर पावलाला करावी लागते. तिथे ताळमेळ तुटतो आणि पाय अडतो. चांगल्या पायाच्या विरुद्ध बाजूचे उद्दीपन कमी केल्यास पावले जुळतात आणि अडणे घटते, हे आल्फोन्सो फासानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले आहे. चांगल्या बाजूला आणखी चांगले करण्याचा मोह टाळून तिला थोडे मागे आणायचे, हे ऐकायला उलटे वाटते. पण माणूस दोन पायांवर चालतो, आणि त्या दोघांतले नाते हीच इथे दुरुस्त करायची वस्तू आहे.

पडण्याबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायला हवी. सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे निरोगी माणसात निरुपयोगी केंद्र नाही. बाह्यपटलातून थेट, काही मिलिसेकंदांत पोहोचणारा एक मार्ग त्याला जोडलेला असतो, आणि गोंधळाच्या क्षणी "थांब, आधी बघ" हा इशारा त्या वाटेने जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकल फ्रँक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, उद्दीपन चालू असताना कंपवाताच्या रुग्णांनी अवघड निवडींपुढे मंद होण्याऐवजी घाई केली. बाई दोन्ही वेळा पडल्या त्या घंटा ऐकताच, पाय रोवण्याआधी उठल्यामुळे. घरच्यांनी याला हलगर्जीपणा म्हटले होते, आणि बाईंना ते फार लागले होते. तो हलगर्जीपणा नव्हता हे मी त्यांना आणि मुलीला एकत्र बसवून सांगितले, आणि माझ्या मते त्या दिवशीच्या सर्व उपायांत या सांगण्याचे मोल कमी नव्हते.

दुरुस्ती

डाव्या तारेवर एक बिंदू वर सरकून प्रवाह २.५ वर आणला. उजव्या तारेला हात लावला नाही. लेव्होडोपा ४५० वर स्थिर केले. रिमोटची वरची मर्यादा २.७ वर बांधली. त्याच दिवशी संध्याकाळी चालणे थोडे मोकळे झाले, पण निकाल त्या दिवशी लावला नाही. चालण्यात झालेला बदल कित्येक दिवस घेतो.

दोन आठवड्यांनी अडणे निम्म्यावर आले होते, नाहीसे झाले नव्हते. म्हणून वारंवारता १३० वरून ८० हर्ट्झवर आणून पाहिली. कमी वारंवारतेने काही रुग्णांचे चालणे सुधारते हे ज्ञात आहे. पहिले तीन दिवस बाईंनी मुलीकडून आनंदाचे निरोप पाठवले. चौथ्या दिवशी हाताचा कंप इतका वाढला की पेला ओठांपर्यंत जाईना. वारंवारता पुन्हा १३० वर नेली. हे अपयश नोंदवणे मला महत्त्वाचे वाटते, कारण कमी वारंवारतेचा लाभ पुष्कळदा सुरुवातीला दिसतो आणि टिकत नाही, आणि पहिल्या तीन दिवसांवरून मत बनवणारा डॉक्टर रुग्णाला दुहेरी निराश करतो.

उरलेले काम फिजिओथेरपीने केले. कंपवातात आपोआप होणारी हालचाल आटते, पण डोळ्यांना किंवा कानाला बाहेरची खूण मिळाली की पाऊल दुसऱ्या वाटेने, बाह्यपटल आणि लघुमेंदू यांच्या मदतीने, उचलले जाऊ शकते. ज्या दारात पाय अडत होता तिथे जमिनीवर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. ठरावीक ठोक्यांचा आवाज देणारे यंत्र कमरेला लावून चालण्याचा सराव झाला. जागच्या जागी गरकन वळण्याऐवजी रुंद वळण घ्यायला शिकवले. उठण्याआधी मोठ्याने "पाय, हात, मग मी" असे म्हणायचे, ही शिस्त बाईंनी स्वतःच काढली. गणिताच्या शिक्षिकेला पायऱ्या लिहून काढायची सवय असते; ती इथे कामी आली.

तीन महिन्यांनी दोन्ही चालू असताना तेच तीन मीटरचे अंतर १४ सेकंदांत झाले. उजवे पाऊल ४९ आणि डावे ४५ सेंटिमीटर. हालचालीचे एकूण गुण २३; म्हणजे सातव्या महिन्यातील "उत्कृष्ट" नोंदीच्या वेळच्या २० पेक्षा कागदावर बाई तीन गुणांनी वाईट होत्या. हे तीनही गुण उजव्या हाताच्या कंपाचे होते. एका बेरजेत हात, पाय, आवाज आणि तोल सर्व मिसळले की काय लपते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला देता येणार नाही.

जी बोलणी आधी व्हायला हवी होती

बाईंच्या संमतीपत्रात रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बोलण्यातील बदल, मनःस्थितीतील बदल हे सर्व होते. कंप, ताठरपणा, मंदपणा आणि औषधाचे चढउतार यांना उत्तम लाभ होईल, हेही होते. औषधाने जे सुधारत नाही ते सहसा उद्दीपनानेही सुधारत नाही, कंप हा त्याला ठळक अपवाद, हा नियमही सांगितला गेला होता. जे विचारले गेले नव्हते ते असे: हात आणि पाय यांच्यात निवड करावी लागली तर तुम्ही काय निवडाल? शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न क्रूर वाटतो, आणि त्या वेळचे उत्तर नंतर बदलूही शकते. तरी तो विचारून ठेवला असता तर पाचव्या आणि सहाव्या भेटीत, प्रवाह वाढवण्याआधी, कोणीतरी बाईंना उठून चालायला सांगितले असते.

आता मेंदूतील बीटा लय स्वतः मोजून प्रवाह कमी-जास्त करणारी यंत्रे आली आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये कंपवातासाठी अशा उद्दीपनाला मान्यता दिली. त्यांच्यामुळे अनावश्यक प्रवाह कमी होईल, ही आशा रास्त आहे. पण कोणता दोष किती प्रमाणात राहू द्यायचा, हे त्या लयीत लिहिलेले नसते.

शेवटच्या भेटीत बाईंनी विचारले की पूर्वीसारखे पोहायला जाता येईल का. तरुणपणी त्या उत्तम पोहत असत. चालणे सुधारलेले पाहून परवानगी द्यावी असे कोणालाही वाटेल. परंतु उद्दीपन सुरू झाल्यावर, हातपाय नीट चालत असूनही, पोहण्याचे कसब अचानक हरवल्याच्या नऊ रुग्णांची नोंद स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केली आहे. त्यातले काही कसलेले पोहणारे होते, आणि यंत्र बंद करून पाहिलेल्या काहींना ते कसब लगेच परत मिळाले. म्हणून बाईंना सांगितले की कमरेएवढ्या पाण्यात, सोबत कोणी असताना, आधी केवळ तरंगता येते का ते पाहायचे. एकटीने कधीच नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतले. लिहिताना अक्षर ओळीच्या शेवटापर्यंत सारख्याच उंचीचे राहिले, आणि पेन खाली ठेवल्यावर अंगठा पुन्हा हलू लागला. बाईंनी तो दुसऱ्या हाताने झाकला नाही. त्या उठल्या, पाय रोवले, क्षणभर थांबल्या आणि दारातून बाहेर गेल्या.